गेम लाइव्ह झाला, आता सूचनांचं काय करायचं?

गेम प्ले स्टोअरवर चढला की दोन-तीन दिवसांत मेसेज सुरू होतात. कोणी एक स्टार देऊन 'फालतू गेम, सारखा हँग होतो' असं लिहून जातं. कोणी डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, पानभर सूचना टाकतं. कोणी इन्स्टाग्रामवर गाठून 'दादा, नवीन मॅप कधी?' असं विचारतं. टीममधल्या एखाद्याच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेगळीच चर्चा रंगलेली असते. हे सगळं वाचायचं कोणी, त्यातलं ऐकायचं किती आणि उत्तर काय द्यायचं, याचा विचार बहुतेक नव्या टीमने केलेलाच नसतो.

हा लेख तशा टीमसाठी आहे. तीन-चार जण, पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात घरून नाहीतर छोट्या ऑफिसातून काम करणारे, वेगळा कम्युनिटी मॅनेजर ठेवायला पैसे नसलेले. उदाहरणं मुद्दाम मोठ्या, बहुतेक परदेशी गेमची घेतली आहेत, कारण त्यांचे निर्णय आणि त्यांच्या चुका सगळ्यांसमोर घडल्या. पण पाचशे खेळाडूंच्या गेमलाही नियम तेच लागतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. खेळाडूची तक्रार जवळजवळ नेहमी खरी असते, पण त्याने सुचवलेला उपाय बऱ्याच वेळा चुकीचा असतो. तक्रारीपासून योग्य उपायापर्यंत पोहोचणं हे तुमचं काम आहे, आणि पोहोचल्यावर खेळाडूला ते सांगणं हेही तुमचंच काम.

पहिली पायरी: सगळं एका शीटमध्ये आणा

सूचना कुठून येतील यावर तुमचा ताबा नाही, पण त्या साठवायची जागा एकच ठेवणं तुमच्या हातात आहे. सुरुवातीला साधी गूगल शीट पुरते. रकाने एवढेच: तारीख, कुठून आलं, खेळाडूचे शब्द, फोनचं मॉडेल, गेमचं व्हर्जन, प्रकार, आतापर्यंत किती जणांनी हेच सांगितलं, आणि सध्या काय स्थिती आहे.

यातला 'खेळाडूचे शब्द' हा रकाना सगळ्यात मोलाचा. तिथे शब्द जसेच्या तसे उतरवा, स्वतःच्या भाषेत सारांश लिहू नका. 'रिलोड करताना फोन तापतो आणि मग दोन सेकंद बंदूकच चालत नाही' या वाक्यात तापमान आहे, वेळ आहे, नेमकी कृती आहे. तुम्ही त्याचं 'परफॉर्मन्स इश्यू' करून टाकलंत की ही सगळी माहिती गेली. महिन्याभराने कोड उघडाल तेव्हा तेच तपशील लागतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. खेळाडू मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात मिसळतात, आणि बरेच जण मराठीसुद्धा रोमन लिपीत लिहितात, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. आपोआप सूर ओळखणारी तयार टूल्स अशा मजकुरावर हमखास गडबडतात. 'भारी वाट लावलीय अपडेटने' यातला 'भारी' पकडून ते टूल कौतुकाची नोंद करून मोकळं होऊ शकतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने माणसाने वाचणं हाच उत्तम मार्ग. रोज अर्धा तास, आळीपाळीने, आणि त्यात प्रोग्रामरचीही पाळी आलीच पाहिजे.

तेच दुखणं दुसऱ्याने सांगितलं तर नवी ओळ न वाढवता आकडा वाढवा. आणि खेळाडूचा फोन नंबर, ईमेल असलं काही त्या शीटमध्ये ठेवू नका. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, आणि मोबाइल गेम खेळणाऱ्यांत ही मुलं किती असतात हे तुम्हाला माहीतच आहे.

दुसरी पायरी: बग बाजूला काढा

बग म्हणजे गेम तुम्ही ठरवल्याप्रमाणे चालत नाही. सूचना म्हणजे गेम ठरवल्याप्रमाणे चालतोय, पण खेळाडूला तसा नकोय. दोन्हींचे रस्ते वेगळे ठेवा. माइनक्राफ्टवाल्या मोजांगने बगसाठी वेगळा ट्रॅकर ठेवला आहे. तिथे प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो आणि शेवटी स्पष्ट शेरा पडतो: दुरुस्त झालं, आधीच नोंदलेलं आहे, दुरुस्त करणार नाही, किंवा हे असंच अपेक्षित आहे. हा शेवटचा शेरा फार उपयोगी. खेळाडूला वाटलं बग, पण ती डिझाइनची निवड आहे, हे एकदाच नीट नोंदलं की पुन्हा पुन्हा तोच वाद घालावा लागत नाही.

बग कळवणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं? जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. लांबलचक फॉर्म दिलात तर कोणी भरत नाही.

तिसरी पायरी: उपाय बाजूला ठेवा, दुखणं शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण नव्या टीम सर्वाधिक इथेच फसतात. एक उदाहरण जवळून बघू.

समजा तुमचा छोटा शूटिंग गेम आहे आणि मेसेज येतो: 'भाऊ, समोरचा हॅकर आहे. मी भिंतीमागे गेलो तरी मला मारलं. बॅन करा त्याला.' तक्रार आहे 'भिंतीमागे असताना मेलो' ही. सुचवलेला उपाय आहे 'बॅन करा'. लगेच बॅन केलंत तर एक निरपराध खेळाडू गेला, आणि तक्रार करणारा पुढच्या मॅचमध्ये पुन्हा भिंतीमागे मरणार.

आधी त्या मॅचचा लॉग, म्हणजे सर्व्हरवरची नोंद, काढा. दोघांचा पिंग बघा, म्हणजे फोनवरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला संदेशाला किती वेळ लागतो ते. बहुतेक ऑनलाइन शूटरमध्ये सर्व्हर गोळी मोजताना घड्याळ किंचित मागे नेतो, म्हणजे गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी स्क्रीनवर जे दिसत होतं त्यावरून निकाल देतो. झाडणाऱ्याच्या नेटला उशीर होत असेल तर त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावर असता, तुमच्या स्क्रीनवर मात्र भिंतीमागे पोहोचलेले असता. दोघंही खरं सांगतायत. सोलापूरचा खेळाडू मोबाइल डेटावर आणि तुमचा सर्व्हर सिंगापूरला, असं असेल तर हा प्रकार जास्तच होणार.

आता उपाय बदलला. सर्व्हर मुंबईला हलवता येईल का? मोठ्या क्लाउड कंपन्यांची सेवा तिथे आहे. साधारण सारख्या पिंगचे खेळाडू एकमेकांसमोर आणता येतील का? घड्याळ किती मागे न्यायचं याला मर्यादा घालता येईल का? स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा दाखवता येईल का, आणि मेल्यावर समोरच्याच्या नजरेतून तो क्षण पुन्हा दाखवता येईल का? शेवटच्या दोन गोष्टींनी लॅग, म्हणजे नेटचा उशीर, कमी होत नाही, पण 'हॅकर' हा संशय बराच निवळतो. खऱ्या हॅकरच्या तक्रारी मग वेगळ्या दिसू लागतात आणि त्यांच्याकडे नीट लक्ष देता येतं.

दुखण्याचं मूळ कधीकधी निव्वळ मांडणीत असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम २००४ मध्ये आला, त्याआधीच्या चाचणीत तो बनवणाऱ्या ब्लिझर्डने एक नियम ठेवला होता: बराच वेळ सलग खेळलात की पात्र थकतं आणि मिळणारे अनुभवगुण निम्मे होतात. खेळाडूंनी एकाच वेळी फार तास घालवू नयेत हा हेतू. चाचणी करणारे वैतागले, त्यांना ती शिक्षा वाटली. साहजिक मागणी होती, नियमच काढून टाका. ब्लिझर्डने मांडणी उलटी केली. विश्रांती घेऊन आलेल्या पात्राला दुप्पट गुण, आणि ती विश्रांती संपली की नेहमीचे गुण. हिशेब जवळपास तोच राहिला, पण शिक्षेचं बक्षीस झालं आणि तक्रार मावळली. वीस वर्षांनंतरही तो नियम त्या गेममध्ये आहे.

म्हणून शीटमध्ये प्रकाराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना करा: 'नेमकं काय दुखतंय'. तो भरायला जड गेला तर खेळाडूला परत विचारा. 'तुम्ही नवीन बंदूक मागताय, पण सध्याच्या बंदुकींनी कुठे अडतंय?' एवढा साधा प्रश्न. याला मिळणारं उत्तर मूळ सूचनेपेक्षा कितीतरी उपयोगी असतं. शिवाय आपल्याला कोणीतरी मनापासून विचारलं, हे त्या खेळाडूच्या लक्षात राहतं.

चौथी पायरी: आकडे बघा, पण एकट्या आकड्यांवर जाऊ नका

बोलणारे खेळाडू थोडे, न बोलता खेळणारे पुष्कळ, आणि न बोलता गेम काढून टाकणारे त्याहून जास्त. डिस्कॉर्डवर रोज येणारे वीस जण म्हणजे तुमचे खेळाडू नव्हेत. ते तुमचे सगळ्यात निष्ठावान आणि बहुतेक वेळा सगळ्यात तरबेज खेळाडू. त्यांना अवघड लेव्हल हवी असते, नवखा मात्र दुसऱ्या लेव्हललाच अडकून बाहेर पडलेला असतो आणि तो कधीच मेसेज करत नाही. तो फक्त आकड्यांत दिसतो: किती जणांनी शिकवणीचा भाग पूर्ण केला, कोणत्या लेव्हलला गेम सोडला, दुसऱ्या दिवशी किती परतले.

लीग ऑफ लेजंड्स हा गेम बनवणाऱ्या रायटने २०१९ मध्ये पात्रांचा समतोल राखायची आपली पद्धत जाहीर केली तेव्हा नेमका हाच भेद मांडला. एखादं पात्र जास्त ताकदवान आहे का, हे ते सर्वसाधारण, कुशल, अव्वल आणि व्यावसायिक अशा गटांत वेगवेगळं तपासतात. सर्वसाधारण खेळाडूंच्या हाती दुबळं वाटणारं पात्र व्यावसायिकांच्या हाती भयंकर ठरू शकतं. 'हे पात्र नर्फ करा', म्हणजे त्याची ताकद कमी करा, म्हणणारा कोणत्या गटातला आहे, हे कळल्याशिवाय त्याच्या म्हणण्याचं वजन कळत नाही.

पण आकड्यांचा माज चढला तर काय होतं तेही बघा. ईव्ह ऑनलाइन हा आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला गेम. २०११ च्या जूनमध्ये तिथे सजावटीच्या वस्तूंचं दुकान उघडलं आणि त्यात एकाच डोळ्यावर लावायचा एक चश्मा होता, किंमत साठ डॉलरच्या वर. खेळाडू भडकले. त्याच वेळी कंपनीच्या आतले कागद बाहेर फुटले, त्यात प्रमुखांचा कर्मचाऱ्यांना पाठवलेला ईमेल होता. त्याचा आशय असा की अशा वेळी खेळाडू काय बोलतात यापेक्षा ते काय करतात हे पाहायचं, आणि विक्री तर होतेय. मग खेळाडूंनी करून दाखवलं. गेममधल्या जिता या सगळ्यात गजबजलेल्या व्यापारी केंद्रात शेकडो जहाजं जमली आणि तिथल्या स्मारकावर गोळीबार सुरू झाला. अनेकांनी सदस्यत्व बंद केलं.

ईव्हमध्ये २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेलं मंडळ आहे. कंपनीने त्या मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली आणि कामाचा रोख पुन्हा अंतराळयानांकडे वळवला. त्याच महिन्यात कंपनीला सुमारे वीस टक्के माणसं कमी करावी लागली. आकडे खोटे नव्हते, चश्मे खरोखर विकले गेले होते. पण ते आकडे फक्त विकत घेणाऱ्यांचे होते. ज्यांचा विश्वास उडत होता त्यांची नोंद त्या तक्त्यात होतच नव्हती.

याच्या अगदी उलट वागणूक कॅनडाच्या डिजिटल एक्स्ट्रीम्सची. त्यांच्या वॉरफ्रेम या गेममध्ये पाळीव प्राण्याचा रंग बदलायचं एक बटण होतं. थोडे पैसे भरा, बटण दाबा, नशिबाने जो येईल तो रंग. एका खेळाडूने ते जवळपास दोनशे वेळा दाबल्याचं त्यांना डेटात दिसलं. विक्री म्हणून आकडा झकास होता. त्यांना त्यात जुगाराचं यंत्र दिसलं आणि काही दिवसांतच बटण काढून टाकलं. तक्रारीची वाट पाहिली नाही. माझ्या मते आकडे कसे वाचावेत याचा याहून चांगला धडा नाही: आकडा वर गेला की तो कोणाच्या खिशातून आणि कोणत्या मनःस्थितीतून वर गेला, तेही बघायचं.

पाचवी पायरी: मतदान घ्यायचं का?

मोह होतोच. डिस्कॉर्डवर पोल टाकला की निर्णयाची जबाबदारी खेळाडूंवर. पण मतदान नीट घ्यायला मेहनत लागते.

ते सगळ्यात गांभीर्याने करणारा गेम म्हणजे ओल्ड स्कूल रूनस्केप. केंब्रिजच्या जॅगेक्सने २०१३ मध्ये खेळाडूंना विचारूनच तो सुरू केला, आपल्याच रूनस्केप या गेमच्या ऑगस्ट २००७ च्या जुन्या बॅकअपवरून. त्यानंतर नवी भर घालायची तर मतदान, आणि मंजुरीसाठी ७५ टक्के मतं. २०२२ मध्ये ती अट ७० टक्क्यांवर आणली. निम्म्याहून एक मत जास्त एवढ्यावर काही मंजूर होत नाही, कारण ४९ टक्के नाराज खेळाडू घेऊन गेम चालत नाही. वॉर्डिंग नावाचं नवं कौशल्य २०१९ मध्ये या अटीवर अडलं आणि ते खरोखर आणलं नाही. नौकानयनाचं कौशल्य २०२३ मध्ये मंजूर झालं, मग चाचण्या आणि सुधारणा होत होत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गेममध्ये आलं.

लक्षात घ्या, तिथेही सगळं मताला टाकत नाहीत. बग, फसवणूक, गेमचा समतोल बिघडवणाऱ्या गोष्टी यांवर जॅगेक्स स्वतः निर्णय घेतं. आपल्याला फायदा देणारी पळवाट बंद करा असं मत कोण देईल?

दुसरी बाजू माइनक्राफ्टची. दरवर्षी तीन प्राणी दाखवून 'कोणता हवा?' असं विचारायचे. प्रत्येक वेळी हरलेल्या दोन प्राण्यांचे चाहते खट्टू व्हायचे आणि भांडणं वाढायची. मोजांगने २०२४ मध्ये हा प्रकार थांबवला. दोन गोष्टी गमावून एक मिळतेय असं मतदान शक्यतो टाळा. 'हे आणायचं की नाही' असं विचारणं जास्त निरोगी. आणि निकालाप्रमाणे वागायची तयारी नसेल तर विचारूच नका.

सहावी पायरी: ठरवा

आठवड्यातून एकदा बसा आणि शीटमधल्या नव्या ओळींचे चार गट करा: आत्ता, पुढच्या काही महिन्यांत, अजून विचार चालू, आणि नाही. ठरवताना तीनच गोष्टी बघा. किती जणांना दुखतंय, किती जोरात दुखतंय, आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील. दुरुस्तीला अर्धा दिवस आणि त्रास शंभर जणांना, असं काही असेल तर ते आजच करा. छोट्या दुरुस्त्या पटापट झाल्या की मोठ्या कामासाठी थांबायला खेळाडू तयार होतात.

स्वतःचा बदल फसला तर मागे घ्यायलाही हाच वेग हवा. फोर्टनाइटमध्ये २०१८ च्या डिसेंबरात एक अतिबलवान तलवार आली. ज्याच्या हातात पडेल तो जिंकणार, अशी अवस्था झाली. गेम बनवणाऱ्या एपिकने ती तीनेक दिवसांत काढून घेतली. तलवार बनवायला किती मेहनत लागली होती याचा हिशेब मांडत बसले असते तर स्पर्धेचा मोसमच गेला असता.

सातवी पायरी: उत्तर द्या

गप्प बसणं सोपं वाटतं. हेलो गेम्सचा नो मॅन्स स्काय २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, त्यात आधी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी नव्हत्या, आणि कंपनी जवळपास मौनात गेली. नोव्हेंबरमध्ये पहिलं मोठं अपडेट आलं आणि मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट येत राहिली, तेव्हा कुठे लोकांचा राग गेला. ते मौन त्यांना झेपलं, कारण गेम आधीच प्रचंड विकला गेला होता. छोट्या टीमकडे तेवढी शिल्लक नसते. तुम्ही महिनाभर गप्प बसलात तर खेळाडू धरून चालतात की गेम बंद पडला.

मात्र उत्तर कसं देता याला फार महत्त्व आहे. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मध्ये डार्थ वेडर हे पात्र उघडायला कितीतरी तास घालवावे लागत होते. तक्रारीवर गेमची कंपनी ईएने रेडिट या चर्चेच्या साइटवर उत्तर दिलं की यामागे खेळाडूंना अभिमान आणि काहीतरी मिळवल्याचं समाधान देण्याचा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंती मिळाल्या आणि त्याची नोंद गिनीजमध्ये झाली. पात्राची किंमत ७५ टक्क्यांनी खाली आणावी लागली. खेळाडू म्हणत होता 'मला त्रास होतोय', आणि उत्तर त्याला सांगत होतं की हा त्रास तुझ्या भल्याचा आहे.

चांगल्या उत्तरात तीन गोष्टी येतात: तुमचं म्हणणं आम्हाला असं कळलं, आम्ही हे करतोय किंवा करत नाही, आणि त्याचं कारण हे. होकाराचा नमुना असा:

'तुम्ही सांगितलंत की शेवटच्या मिनिटाला नेट गेलं की जिंकत आलेली मॅचसुद्धा हार धरली जाते. बरोबर आहे, हे अन्यायाचं होतं. पुढच्या अपडेटपासून साठ सेकंदांच्या आत परत आलात तर मॅच तिथूनच सुरू होईल. सांगितल्याबद्दल आभार.'

आणि नकाराचा:

'मॅचमधल्या खेळाडूंची संख्या दुप्पट करावी ही मागणी बरेच जण करतायत. आम्ही करून पाहिलं. कमी रॅमच्या फोनवर गेम अडखळायला लागला, आणि आपले बरेच खेळाडू तसलेच फोन वापरतात. त्यामुळे सध्या तरी नाही. मोठ्या मॅचची मजा दुसऱ्या कशातून आणता येईल यावर तुमची कल्पना असेल तर जरूर सांगा.'

'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे' ही सरकारी भाषा टाळा. तारीख तर देऊच नका. 'दिवाळीला नवीन मॅप येतोय' म्हणालात आणि आला नाही, तर पुढची दिवाळी येईपर्यंत ते ऐकावं लागेल. 'काम सुरू आहे, चाचणीला आलं की सांगतो' एवढं पुरे. नाही म्हणायचं असेल तेव्हा 'बघतो' म्हणू नका. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायचा संकोच असतो, पण खेळाडू त्या 'बघतो'वर खरोखर भरवसा ठेवतो.

प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूला डेव्हलपर ३५० अक्षरांत उत्तर देऊ शकतो. उत्तर आल्याचं नोटिफिकेशन त्या खेळाडूला जातं आणि त्याला आपलं रेटिंग बदलता येतं. म्हणून एक स्टारच्या रिव्ह्यूंना आधी उत्तर द्या, आणि दुरुस्ती झाल्यावर त्याच उत्तरात बदल करून कळवा.

नियमित बोलण्याची सवय लावायची असेल तर दोन नमुने बघा. फॅक्टोरियो बनवणारी प्रागची वुबे ही छोटी कंपनी २०१३ पासून शुक्रवारी काम कुठवर आलं ते लिहू लागली. फायनल फॅन्टसी १४ चे निर्माते नाओकी योशिदा स्वतः थेट प्रक्षेपणात बसून खेळाडूंशी बोलतात. २०१० मध्ये आपटलेला तो गेम २०१३ मध्ये नव्याने उभा राहिला, त्यात या बोलण्याचा वाटा मोठा आहे. तुम्ही महिन्यातून एकदा दहा ओळी लिहिल्यात तरी पुष्कळ झालं, फक्त महिना चुकवू नका.

आठवी पायरी: बदल थोड्यांवर आधी

दुरुस्ती सगळ्यांना एकदम देऊ नका. प्ले स्टोअरवर अपडेट ठरावीक टक्के लोकांनाच आधी देता येतं. दहा टक्क्यांना द्या, एक-दोन दिवस क्रॅशचे आकडे बघा, मग पुढे जा. ज्यांनी तक्रार केली होती त्यांना जमल्यास बीटामध्ये, म्हणजे सगळ्यांआधीच्या चाचणीत, घ्या. पुण्याच्या सुपरगेमिंगनेही इंडस हा बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा प्रकारचा) गेम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठी खुला करण्याआधी खेळाडूंना घेऊन चाचण्या केल्या होत्या.

पॅचच्या, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटच्या, नोंदी खेळाडूंच्या शब्दांत लिहा. 'नेटवर्क मॉड्यूलमध्ये सुधारणा' याने कोणाला काही कळत नाही. 'भिंतीमागे असताना मरण्याचे प्रकार कमी केले, आता स्क्रीनवर पिंग दिसेल' हे कळतं. ज्यांच्या सूचनेवरून बदल झाला त्यांचं गेममधलं नाव, त्यांना विचारून, नोंदीत द्या. एखाद्या मुलाला आपलं नाव पॅचमध्ये दिसलं तर तो ते सगळ्या मित्रांना दाखवतो.

राग उसळला तर

कधीतरी सगळे एकदम तुटून पडतील. आधी बघा की राग गेमवर आहे की तुमच्या एखाद्या धोरणावर. २०२४ च्या मे महिन्यात हेलडायव्हर्स २ या गेमच्या स्टीमवरच्या, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून तो घेतलेल्या, खेळाडूंना प्रकाशक सोनीचं खातं जोडणं सक्तीचं होणार अशी घोषणा झाली. अनेक देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीने तीनेक दिवसांत निर्णय मागे घेतला. गेम तोच होता, आदल्या आठवड्यात लोक त्याच्यावर खूश होते. अशा वेळी गेममध्ये कितीही सुधारणा केल्या तरी उपयोग नसतो, निर्णयच बदलावा लागतो.

रागावलेला खेळाडू आणि शिवीगाळ करणारा खेळाडू यांत फरक करा. 'तुमचा गेम भंगार आहे' ही तक्रार आहे, उत्तर द्या. टीममधल्या माणसावर, विशेषतः मुलींवर, घाणेरड्या भाषेत घसरणं ही तक्रार नव्हे. तिथे नियम एकच ठेवा: एक ताकीद, मग बंदी, मग तो कितीही पैसे खर्च करणारा खेळाडू असो. रिव्ह्यू वाचण्याची पाळी आळीपाळीने ठेवायला सुरुवातीला सांगितलं, त्याचं एक कारण हेही आहे. दिवसभर एकाच माणसाने हे झेलू नये.

दोन गोष्टी कागदावर

गेमच्या अटींमध्ये स्पष्ट लिहा की खेळाडूने दिलेली सूचना तुम्ही मोबदला न देता वापरू शकता. बहुतेक गेमच्या अटींत हे कलम असतं. नाहीतर 'ही कल्पना माझी होती, माझा वाटा द्या' असा दावा उभा राहू शकतो. मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

आणि सूचनांची शीट तुंबू देऊ नका. दर तीन महिन्यांनी 'अजून विचार चालू' या गटातली प्रत्येक ओळ पुन्हा वाचा. ज्यावर दोनदा विचार करूनही काही ठरलं नाही, ती 'नाही'मध्ये टाका, आणि ज्यांनी ती सूचना केली होती त्यांना कारणासकट कळवा. त्यांपैकी काही जण तेवढ्यात गेम सोडून गेलेले असतील, तरी कळवा.